खंडेनवमीचं तेल

व्हायोलिन मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आत कुणी बाई गाते आहे.

मी आठवीत होते. आमचं गाव सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या पुढं. गावातली शाळा सातवीला संपली म्हणून मला हिंगोलीला मावशीकडं ठेवलं होतं. मावशीचं घर स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत. एका संध्याकाळी तिनं दळणाचा डबा हातात दिला आणि मी गिरणीकडं निघाले. गल्लीच्या तोंडाशी एका घराची खिडकी उघडी होती आणि आत ती बाई गात होती. शब्द कळत नव्हते, पण शब्द आहेत एवढं नक्की कळत होतं. कुणाची तरी समजूत काढत असावी तसं काहीसं होतं. मी डबा खाली ठेवला आणि पायऱ्यांवर चढून खिडकीतून आत पाहिलं. आत बाई नव्हतीच. बनियन घातलेला एक म्हातारा माणूस मांडी घालून बसला होता, आणि त्याच्या छातीला टेकवलेल्या एका लाकडातून ती बाई गात होती.

मी अशी थक्क झाले की गिरणी बंद झाली तरी मला कळलं नाही. डबा तसाच घेऊन परत आले तेव्हा मावशी म्हणाली, "दळण दळायला गेलती का गिरणी बसवायला?"

दुसऱ्या दिवशी मी काही काम नसताना तिथं जाऊन उभी राहिले. तिसऱ्या दिवशी आतून आवाज आला, "बाहेरून काय चोरून ऐकतीस? आत ये." ते सर. रेल्वेतून रिटायर झालेले. नोकरीत असताना सिकंदराबादला एका उस्तादांकडं शिकले होते आणि आता हिंगोलीत, जिथं व्हायोलिन म्हटलं की लोक सिनेमाच्या गाण्यांपुढं जात नाहीत, तिथं रोज संध्याकाळी स्वतःसाठी वाजवत बसत. घरात ते आणि काकू, दोघंच.

"काय ऐकू येतं तुला?" त्यांनी विचारलं.

"बाई," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. काकूंना हाक मारून म्हणाले, "ऐकलं का? या पोरीला बराबर ऐकू आलं."

माझ्या नशिबानं त्याच आठवड्यात त्यांच्या गजाला नवे केस भरून आले होते. गज म्हणजे व्हायोलिन वाजवायची काठी. शहरात तिला बो म्हणतात, सर गज म्हणायचे. काठीला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात. सरांनी तो नवा गज तारांवरून ओढला आणि काहीच आलं नाही. आरशावरून हात फिरवावा तसा तो नुसता सरकत गेला. मग त्यांनी डबीतून मधाच्या रंगाचा एक खडा काढला. "ही राळ. झाडाचा चीक वाळवून केलेली. रोझिन म्हणतात हिला." तो खडा ते केसांवरून घासत राहिले, घासत राहिले, आणि हळूहळू केसांवर पांढरी भुकटी धरली. पुन्हा गज ओढला. ती बाई आली.

घोड्याचे केस, झाडाचा चीक, लाकडाचं खोकं आणि चार तारा. यात माणूस कुठंच नाही आणि तरी गळा माणसाचा. मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि मला देवळात कधी वाटलं नव्हतं ते तिथं वाटलं. आजही गज पहिल्यांदा तारेला टेकतो तेव्हा मी त्या बाईची वाट बघते.

गावाकडं गेले की मी मायला हे सगळं तोंडाला फेस येईपर्यंत सांगायची. माय विळ्यावर भाजी चिरत ऐकायची. "घोड्याची शेपटी घासून बाई गाती म्हणं," ती बाला सांगायची, "आपल्या पोरीला हिंगोलीचं पानी लागलं." आमच्या गावात वाद्य म्हणजे पखवाज, टाळ आणि पेटी. पुढं कधीतरी माझ्या खांद्यावरची व्हायोलिनची डबी पाहून भजनी मंडळातल्या एका आजोबांनी विचारलं होतं, "एवढ्याशा पेटीत सूर मावतेत का गं?" तेव्हापासून अख्ख्या गावात माझं व्हायोलिन 'पेटी'च झालं. मीही दुरुस्त करायचा नाद सोडला.

सरांनी शिकवायला सुरुवात केली ती एका सा पासून. मी मुळात उतावळी. मला वाटलं, आठवड्यात गाणं वाजेल. सरांनी महिनोन्‌महिने मला तारेवर बोटसुद्धा ठेवू दिलं नाही. मोकळ्या तारेवर गज ओढायचा, एवढंच. सरांचं घर रुळांच्या जवळ. लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला की ते म्हणायचे, "हं, लाव सा." मी सा लावायची. गाडी यायची, भांडी खुळखुळायची, मला स्वतःचा गजसुद्धा ऐकू यायचा नाही. गाडी निघून गेली, धडधड विरली की त्या शांततेत माझा सा उघडा पडायचा. कधी तो घसरलेला असायचा, कधी कापत असायचा. "गाडीसोबत पूर्णा जंक्शनला गेला तुझा सा," सर म्हणायचे. "जो ऐकू येत नाही तेव्हाही हलत नाही, तो सा."

एक दिवस मालगाडी गेली, संपता संपेना अशी लांबलचक, आणि ती गेल्यावर माझा सा होता तिथंच होता. काकूंनी आतून येऊन माझ्या हातावर गूळ ठेवला. मी इतकी आनंदले की घरी जाताना मावशीच्या घराच्या पुढं निघून गेले.

असे दिवस गेले. मी बारावी झाले, तिथंच बी.ए.ला गेले. सर प्रत्येक बंदिश आधी गाऊन घ्यायचे, मगच वाजवू द्यायचे. हळद काढायच्या दिवसांत शेतावरून आले की माझी बोटं पिवळी असायची, मग ते आधी साबणानं हात धुवायला पाठवायचे आणि मग म्हणायचे, "आता लग्नाची नाही, गाण्याची बोटं दिसतात." याच वर्षांत कधीतरी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. चहाची बशी वाजायला लागली. एका संध्याकाळी त्यांनी गज तारेवर टेकवला आणि त्या बाईचा आवाज कापरा आला. त्यांनी गज काढून घेतला, व्हायोलिन डबीत ठेवलं आणि डबी माझ्याकडं सरकवली. "हे आता तुझ्याकडं राहू दे. माझ्याजवळ मुकं होईल." मी मोठ्यानं रडले. ते मात्र काकूंना चहा टाकायला सांगत होते.

त्यानंतर ते मला वारंवार सांगू लागले की माझ्याजवळचं संपलं. बोटाला धरून शिकवायला हात पाहिजे, आणि हात गेला. पुण्याला एक बाई होत्या, व्हायोलिनच्या मोठ्या कलावंत. त्या फार थोड्यांना शिकवायच्या आणि ऐकल्याशिवाय कुणाला घ्यायच्या नाहीत. सरांनी ओळखी-पाळखीतून त्यांच्यापर्यंत निरोप पोचवला होता. त्या वर्षी दसऱ्याला संध्याकाळी हिंगोलीत त्यांचा कार्यक्रम ठरला, आणि त्यांनी कळवलं की सकाळी तुमच्या घरी येऊन मुलीला ऐकते. सर मला म्हणाले, "त्यांनी घेतलं तर तू वाजवणारी होशील. नाही घेतलं तर मी काय, तुझी पेन्शन होईपर्यंत सा लावून घेत बसेन." हसत म्हणाले, पण दोघांनाही माहीत होतं की एवढंच दार आहे.

मी सकाळचा राग म्हणून तोडी तयार केला. वर्षभर दुसरं काही वाजवलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. मायचा निरोप आला, नवमीला घरी ये आणि पेटी घेऊन ये. आमच्याकडं त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पूजेला बसतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, कोयता, पेरणीच्या पाभरीचे फण, हल्ली फवारणीचा पंपसुद्धा. सगळं धुऊन-पुसून, लोखंडाला तेलाचा हात लावून, देवापुढं घोंगडीवर मांडायचं. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत ज्याचं हत्यार त्यानं त्याला हात लावायचा नाही. माय म्हणाली, "समद्यायची हत्यारं पूजायची अन्‌ माझ्या पोरीचंच काहून राहावं? दसऱ्याला तिचं एवढं मोठं काम हाय." सरांनीही पाठवलं. म्हणाले, "बराबर आहे मायचं. वाद्य नवमीला बसतं. आजच भरपूर रोझिन लावून ठेव आणि दसऱ्याला थेट बाईंसमोर उघड. त्यांच्यासमोर तयारी करत बसू नको, बसलीस की सा लाव."

मी पेटी देवापुढं ठेवली आणि बासोबत शेतात काढलेल्या सोयाबीनचे ढीग झाकायला गेले. परत आले तेव्हा पूजा मांडून झाली होती. फवारणीच्या पंपाच्या शेजारी माझं व्हायोलिन, त्याला झेंडूची माळ. धूप, फोडलेला नारळ, ओल्या हळदीकुंकवाचा वास. मी पाया पडले. माझ्या आयुष्यात कुठल्याच देवाच्या मी इतक्या मनापासून पाया पडले नसेन. संध्याकाळी मायनंच सगळं उचलून डबीत ठेवलं, मी रीतीप्रमाणं बोट लावलं नाही.

दसऱ्याला पहिल्या एसटीनं आम्ही मायलेकी हिंगोलीला गेलो. मायनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि माझी वेणी इतकी घट्ट घातली होती की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. सरांच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. बाई आधीच येऊन बसल्या होत्या. साधी सुती साडी, पांढरे केस, चष्मा. मी त्यांना रेडिओवर, फोनवर इतकं ऐकलं होतं की त्या चहा पितात याचंसुद्धा मला नवल वाटलं. माय दाराशी, उंबऱ्यालगत बसली.

मी डबी उघडली. झेंडूच्या पाकळ्या खाली पडल्या. व्हायोलिनच्या पोटावर हळदीकुंकवाचं एक बोट होतं. बाई हसल्या. मी तारा लावल्या, पाय पुढं घेतला, घोट्यावर व्हायोलिनचं टोक टेकवलं, डोळे मिटले आणि तोडीचा सा लावायला गज ओढला.

काहीच आलं नाही.

पुन्हा ओढला. गज नुसता सरकला. मला आधी वाटलं माझे कानच गेले. मग डोळे उघडून पाहिलं तर केस चकचकीत, एकमेकांना चिकटलेले, आणि नाकाशी नेल्यावर खोबऱ्याच्या तेलाचा वास. मी मान वळवून मायकडं पाहिलं. ती कौतुकानं माझ्याकडं बघत होती. सगळं माझ्या लक्षात आलं. सरांकडं दुसरा गज नव्हता. बाईंची वाद्यं दुसऱ्या गाडीनं यायची होती. केस नवे भरायचे तर पुणं, नाहीतर मिरज.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"माझ्या हाताला तेल होतं वाटतं," मी म्हणाले. "लागलं गजाला."

"तुझ्या हाताचं कुठलं?" माय दारातून आनंदानं म्हणाली. "मी लावलं की! काल पूजेच्या टायमाला. किती कोरडे पडलते ते केस. अन्‌ कोंडा तर असा झालता, पांढरा फक्क. आधी समदा कोंडा पुसून काढला, मग एकेका केसाला तेल चोपडलं. घोडं असलं म्हणून काय झालं, केस ते केसच."

कोंडा म्हणजे रोझिन. माझं वर्षभराचं काम मायनं इतक्या मायेनं पुसून काढलं होतं की रागवायलाही जागा ठेवली नव्हती. मला हसू फुटेल की हुंदका, तेच कळेना.

"अहो, पण तेलानं तर—" सर बोलू लागले. बाईंनी मांडीवरचा हात जरासा उचलला. सर थांबले.

बाईंनी माझ्या हातातून गज घेतला. उजेडात धरून केसांवरून नजर फिरवली. "किती निगुतीनं लावलंय," त्या म्हणाल्या. "एक केस कोरडा सोडला नाही." मग मायकडं वळून म्हणाल्या, "पण ताई, डोक्याला तेल लावून तसंच सोडतात का? न्हाऊ नको घालायला?"

मायनं बाईंकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग पदर खोचून उठली. "व्हय की. न्हाऊ घालायलाच पायजे. रिठे हायेत का घरात?"

काकूंनी रिठे काढले, गरम पाण्यात चोळून फेस केला. सर तेल काढायचं म्हणून मेडिकलमधून स्पिरिट आणायला चप्पल घालत होते, बाईंनी त्यांना बसवलं. मग जे झालं ते मी आजही मनात उलगडून पाहते. सरांच्या मागच्या अंगणात कपडे धुवायचा दगड आहे. ज्यांच्या पाया पडायला लोक रांगा लावतात त्या बाई त्या दगडापाशी उकिडव्या बसल्या. काठीला पाणी लागू नये म्हणून तिला टॉवेल गुंडाळून त्यांनी ती आडवी धरली, केस सैल सोडून. आणि माय मला लहानपणी न्हाऊ घालायची तशी ओंजळीनं फेस सोडत, बोटांनी विंचरत ते केस धुवायला लागली. बाई सांगायच्या, "जरा इकडं, काठीला नको," माय म्हणायची, "धरा तुमी, नीट धरा." गाण्याबद्दल एक शब्द नाही. बाई सांगत होत्या की त्यांची आई शिकेकाईत संत्र्याची साल टाकायची. माय म्हणाली, "आमच्याकडं जास्वंदीचा पाला."

मी भिंतीला टेकून पाहत होते. कलाकार मोठा असतो म्हणजे काय, हे मला तोवर बोटांच्या तयारीवरून कळायचं. त्या दगडापाशी मला वेगळंच काही दिसत होतं आणि त्याला काय म्हणायचं हे कळत नव्हतं. नुसते हात जोडावेसे वाटत होते.

धुऊन झाल्यावर माय गज घेऊन उन्हात उभी राहिली. दसऱ्याचं ऊन चरचरीत असतं, केस वाळायला वेळ लागत नाही. पण ती बराच वेळ उभी होती, आमच्याकडं पाठ करून. काकूंनी हाक मारली तेव्हा कुठं आत आली. मग मी रोझिन घासायला बसले. घासत राहिले, घासत राहिले, मनगट दुखलं तरी. बाई भिंतीला टेकून पोहे खात होत्या. त्यांना निघायची घाई असावी, बाहेर गाडीवाला दोनदा डोकावून गेला. त्या उठल्या नाहीत.

गज पुन्हा बोलता झाला तोवर दुपार झाली होती. मी तोडीसाठी मांडी घातली तर बाई म्हणाल्या, "तोडीची वेळ गेली. दुपारचं काय येतं?"

वर्षभर घासलेली तोडी गेली ती गेलीच. दुपारचा म्हणून मला एकच राग येत होता, सारंग. सरांनी अगदी सुरुवातीला शिकवलेला, पोरांना शिकवतात तेवढाच. मी सरांकडं पाहिलं. त्यांनी कापरा हात दुसऱ्या हातानं धरला होता आणि हळूच म्हणाले, "गाडी जाऊन राहिली असं समज."

मी सा लावला. आवाज बारीक होता, केस अजून राळ धरत होते. मला काय येतं आणि काय येत नाही याचा विचार करायला जागाच उरली नव्हती. म्हणून मी फक्त सा धरून ठेवला. मग रे लावला. आणि मग ती आली, ती बाई, आठवीतल्या खिडकीतली, आणि ती माझ्या हातून गात होती. मी वाजवते आहे असं मला वाटलंच नाही. अंगणात ऊन होतं, रिठ्याचा वास होता आणि कुणीतरी शांतपणे काहीतरी सांगत होतं.

थांबले तेव्हा बाई मायकडं वळल्या. म्हणाल्या, "पोरगी माझ्याकडं राहील का?"

"राहील की," माय म्हणाली. "पण तिच्या डोक्याला तेल कोण लावंल?"

"मी लावेन," बाई म्हणाल्या. आणि पुढं त्यांनी ते खरोखर केलं, दर रविवारी, कुरकुर न करता.

पुण्याची वर्षं म्हणजे पुन्हा सा पासून. बाईंच्या एका मींडेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यात, इतकी घरं दिसायची की मी आ वासून बसायची आणि त्या म्हणायच्या, "तोंड मिटा, बोटं उघडा." पोटापाण्यासाठी मी भावगीतांच्या मागं वाजवलं, नाचाच्या वर्गांना वाजवलं, लग्नात लोक जिलेबी खात असताना कोपऱ्यात बसून यमन वाजवला. एका नवरदेवाच्या काकांनी येऊन विचारलं, "नागिन येतं का?" मी वाजवलं. मग बाईंनी मला मैफलीत मागं बसवायला सुरुवात केली. पहिल्यांदा त्यांनी मान वळवून एक जागा वाजवायला माझ्याकडं सोपवली, तेव्हा हजारभर माणसांसमोर मला मालगाडी ऐकू आली. सा हलला नाही. घरी येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "बरं होतं." त्यांच्या तोंडून याहून जास्त कुणी ऐकलेलं नाही.

सुट्टीत गावी गेले की मायचे केस मला राठ झालेले दिसायचे, गवतासारखे. मी म्हणायची, तेल लावत जा. ती म्हणायची, "शेतातली धूळ गं. वयच झालं आता." मी पुण्याहून भारी तेलाच्या बाटल्या नेऊन द्यायची. त्या कोनाड्यात तशाच दिसायच्या. म्हातारपणी माणसं हट्टी होतात, असं मी बाला ऐकवायची. बा नुसता हसायचा.

मागच्या वर्षी हिंगोलीत माझी स्वतःची मैफल झाली. पहिली. एका मंगल कार्यालयात, दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत. गावाकडून लोक टेम्पो करून आले. भजनी मंडळाचे आजोबा पहिल्या रांगेत, "आपल्या पेटीवाल्या पोरीचा कार्यक्रम." त्यांच्या शेजारी सर, मांडीवर एक हात दुसऱ्या हातात घट्ट धरून. बाई पुण्याहून मुद्दाम आल्या होत्या.

मी आतल्या खोलीत गजाला रोझिन लावत होते. माय माझ्यासमोर बसली होती. पांढरी भुकटी केसांवर धरू लागली तसं ती म्हणाली, "लाव, चांगला लाव. त्या दिशी मी समदा पुसून काढलता."

माझा हात थांबला. ते रोझिन आहे, कोंडा नाही, हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. बाईंनी जे झाकलं ते मी उघडणार नव्हते. "तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"तवाच. तुझं तोंड पाह्यलं तवाच. मी काय लेकराचं तोंड वळखत न्हाई व्हय?"

"मग बोललीस काहून न्हाई?"

"एवढी मोठी बाई," माय म्हणाली, "माझी चूक झाकायसाठी पान्यात बसली. मला कळलं असं मी म्हणलं असतं तर तिचं बसणं वाया गेलं असतं ना?"

ती लुगड्याचा पदर सारखा करत, खाली बघत बोलत होती. "उन्हात उभी व्हते तवा देवाला म्हणलं, माझ्या हातानं गेलं. ते पोरीला परत दे. ती आपल्या हिंगोलीत, आपल्या मानसायपुढं वाजवंल तवर माझ्या केसाला तेल न्हाई."

मी तिच्या केसांकडं पाहिलं. ते राठ, भुरे केस मी इतकी वर्षं पाहत होते आणि मला धूळ दिसत होती. मी गज खाली ठेवला आणि कोपऱ्यातल्या पिशवीत हात घातला. मायसाठी आणलेली तेलाची बाटली त्यातच होती.

मायनं माझा हात धरला. "आता न्हाई. आधी वाजव. तेलाचा हात लागंल."

मी बाहेर गेले आणि वाजवलं. कसं वाजवलं ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की मध्येच लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला, गाडी धडधडत गेली, आणि ती गेल्यावर सरांनी डोळे मिटून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या अंगणात मी मायला पुढ्यात घेऊन बसले. तेल कोमट केलं, तिचा अंबाडा सोडला. इतक्या वर्षांचे कोरडे केस, ते तेल प्यायलाच लागले. ओतावं तेवढं कमी. माझ्या बोटांना तारांचे घट्टे पडलेत, ते तिच्या केसांत अडकत होते. मी रडत होते आणि रडत रडत चोळत होते.

"हळू गं बाई," माय म्हणाली. "घोड्याची शेपटी न्हाई ही."